आठ महिन्यांच्या बाळाला पूर्ण भूल: पुढे मेंदूवर परिणाम होतो का?

शेवंती
मंगळवार, रात्री १०:५२

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मुलगा आठ महिन्यांचा. उजवं वृषण खाली उतरलेलं नाही. सर्जन म्हणाले, सहा महिन्यांपर्यंत वाट बघतो, त्यानंतर आपसूक उतरायची आशा फारशी नसते, तेव्हा वर्षाच्या आत करून टाकू. तासाभराचं ऑपरेशन. इथपर्यंत पटलं. मग त्यांनी 'पूर्ण भूल' म्हटलं, मी घरी येऊन गुगल उघडलं आणि तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेच इशारा दिलाय म्हणे, की तीन वर्षांखालच्या मुलांच्या मेंदूच्या वाढीवर भुलीच्या औषधांचा परिणाम होऊ शकतो. उंदरांवरच्या प्रयोगांत तर पेशी मेलेल्या दिसल्या.

सासूबाईंचं म्हणणं, पोराला चार वर्षांचं होऊ दे, मग बघू. नवरा म्हणतो, डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मला दोन्ही बाजूंनी नीट उत्तर देता येत नाहीये.

कुणी भूलतज्ज्ञ असतील तर सांगा, कुणाची मुलं यातून गेली असतील तर तेही सांगा. "धीर धरा, सगळं छान होईल" सोडून काहीही चालेल.

चहाबाज
मंगळवार, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली. भावाच्या मुलीचं हेच चाललंय, हर्नियासाठी.

गुंगीवाला
बुधवार, सकाळी ७:०४

शेवंती, मी भूलतज्ज्ञ. निम्मं काम लहान मुलांचंच असतं. तुमच्या बाळाला मी तपासलेलं नाही, तेव्हा त्याच्यापुरता शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. बाकीचं बोलतो.

तो इशारा १४ डिसेंबर २०१६ चा. सगळीकडे त्याचं पहिलं वाक्य फिरतं, पुढची फिरत नाहीत. इशारा आहे तो तीन तासांहून जास्त चाललेल्या किंवा पुन्हापुन्हा दिलेल्या भुलीबद्दल. तीन वर्षांखालची मुलं आणि शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बायका यांच्यासाठी. एकदाच आणि थोडा वेळ दिलेल्या भुलीने शिकण्या-वागण्यावर वाईट परिणाम होण्याची शक्यता कमी, हेही त्यातच आहे. गरजेचं ऑपरेशन यापायी टाळू किंवा लांबवू नका, हेसुद्धा.

एकूण ११ औषधांच्या माहितीपत्रकांत हा मजकूर घालायला लावला. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन हे हुंगवायचे वायू, शिवाय प्रोपोफॉल, केटामाइन, मिडाझोलॅम, सगळी त्यात आली. आम्ही रोज वापरतो त्यातलं फारच थोडं बाहेर राहिलं. म्हणून "ते नको, दुसरं सुरक्षित औषध द्या" असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. कुणी तसं खास औषध असल्याचं सांगून जादा पैसे मागत असेल तर सावध राहा.

आता उंदीर. ते प्रयोग खरे आहेत, थोतांड नाही. १९९९ मध्ये सात दिवसांच्या पिल्लांवर पहिल्यांदा दिसलं. २००३ मध्ये तशाच पिल्लांना मिडाझोलॅम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन अशी तिन्ही मिळून सहा तास दिली. मेंदूत ठिकठिकाणी पेशी मेल्या, आणि पिल्लं मोठी झाल्यावर शिकण्यातही मागे पडली. त्या वयात मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जोडण्या करत असतात. जिच्याकडे संदेशांची ये-जा नाही ती पेशी बिनकामाची ठरून मोडीत निघते. आणि भूल म्हणजे तरी काय, पेशींना काही तास गप्प बसवणं.

पण उंदराचा हा काळ काही दिवसांत उरकतो. माणसात तो गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत सुरू होऊन दोन-तीन वर्षं चालतो. त्या हिशेबाने पिल्लाचे सहा तास आपल्या बाळाच्या एका तासाशी लावता येत नाहीत. शिवाय काही ग्रॅमच्या पिल्लाचा रक्तदाब, साखर, श्वास आम्ही बाळाचा सांभाळतो तसा सांभाळता येत नाही. माकडं आपल्याला जास्त जवळची. पाच-सहा दिवसांच्या रीसस माकडांना केटामाइन ९ तास आणि २४ तास दिलं तेव्हा पेशी मेल्या, ३ तास दिलं तेव्हा तसं आढळलं नाही.

ओपीडीची वेळ झाली. माणसांच्या अभ्यासांचं संध्याकाळी.

मेलबर्नी
बुधवार, दुपारी १२:३०

डॉक्टर येईपर्यंत मी थोडं लिहितो, कारण यातला सगळ्यात मोठा प्रयोग आमच्या गावातून, मेलबर्नहून, चालवला गेला. आमच्या धाकट्याचा हर्निया इथेच झाला, तेव्हा जे मिळेल ते वाचून काढलं होतं.

प्रयोगाचं नाव 'गॅस'. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेली अगदी तान्ही बाळं, एकूण ७२२, सात देशांतल्या २८ रुग्णालयांतून. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला सेव्होफ्लुरेनची पूर्ण भूल, दुसऱ्याला जागेपणीच पाठीतून इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर. पूर्ण भुलीची मध्यक वेळ ५४ मिनिटं, म्हणजे निम्म्या बाळांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. पोरं पाच वर्षांची झाल्यावर, कुणाला काय दिलं होतं हे माहीत नसलेल्या लोकांनी बुद्ध्यांक मोजले. जागेपणी ऑपरेशन झालेल्यांची सरासरी ९९.०८, पूर्ण भूलवाल्यांची ९८.९७. निकाल २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

हे आकडे बायकोला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मग आता फॉर्मवर सही कर."

सरासरी
बुधवार, दुपारी ३:४१

मेलबर्नी, माहिती चोख. पण उड्या मारायच्या आधी दोन गोष्टी. त्या प्रयोगात बहुतेक मुलगे होते, कारण तान्हेपणीचा हर्निया त्यांनाच जास्त होतो. आणि वेळ तासाच्या आत. म्हणजे "तासाभराच्या एका भुलीने बुद्ध्यांकाला धक्का लागत नाही" एवढंच त्यातून निघतं. शेवंतीताईंना नेमकं तेवढंच हवंय हा योगायोग. चार तासांच्या किंवा पाचव्या ऑपरेशनबद्दल हा प्रयोग गप्प आहे.

बाकीचे बहुतेक अभ्यास जुन्या नोंदींवरचे. ज्या मुलांना भूल मिळाली ती आजारी होती म्हणूनच मिळाली, हा त्यांतला कायमचा घोळ. छत्रीवाले लोक जास्त भिजलेले दिसतात म्हणून छत्रीने भिजले असं होत नाही. त्यातल्या त्यात आवडता म्हणजे स्वीडनचा, २०१७ चा. चार वर्षांच्या आत एकदाच ऑपरेशन झालेली ३३,५१४ मुलं आणि न झालेली दीड लाखावर. सोळाव्या वर्षीच्या शाळेच्या गुणांत फरक ०.४१ टक्के. आई किती शिकलेली आणि मूल वर्षाच्या कुठल्या महिन्यात जन्मलं, यांनी त्याहून कितीतरी मोठा फरक पडत होता. आता जन्ममहिन्याची धास्ती घेऊन कोण झोप उडवून घेतं?

पुनर्वसू
बुधवार, सायं. ५:१०

एवढ्याशा जिवाला विषारी वायू कशाला? रोज कोमट तिळाच्या तेलाने ओटीपोटाला मालिश करा, माझ्या माहितीतल्या दोघांचं उतरलंय.

गुंगीवाला
बुधवार, रात्री ९:२०

पुनर्वसू, मालिशने वृषण उतरत नाही. काहींचं पहिल्या सहा महिन्यांत आपोआप उतरतं, तेवढ्यात कुणी मालिश करत असेल तर श्रेय तेल घेतं. उशीर झाला की पुढे शुक्राणूंवर परिणाम होतो आणि कर्करोगाचा धोकाही वाढतो. यावर आणखी वाद नको.

'सरासरी'शी सहमत. एका छोट्या भुलीबद्दल आता बऱ्यापैकी ठामपणे बोलता येतं. 'गॅस' सोडून अमेरिकेत भावंडांचाही अभ्यास झाला. तीन वर्षांच्या आत हर्नियासाठी भूल मिळालेलं मूल आणि त्याचंच भूल न मिळालेलं भावंड, अशा १०५ जोड्या. घर तेच, आईबाप तेच. दोन्हीकडचा बुद्ध्यांक सरासरी १११.

पुन्हापुन्हा भुलीचं मात्र तितकं सरळ नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१८ मध्ये ९९७ मुलं तपासली, त्यातल्या २०६ जणांना तीन वर्षांच्या आत एकाहून जास्त वेळा भूल मिळालेली. बुद्ध्यांकात फरक नाही. पण अनेकदा भूल मिळालेली मुलं काम उरकण्याच्या वेगात आणि हाताच्या बारीक हालचालींत किंचित मागे. त्यांच्या पालकांनीही वाचनाच्या, वागण्याच्या तक्रारी जास्त सांगितल्या. आता हे भुलीमुळे, की ज्या आजारासाठी पुन्हापुन्हा टेबलावर यावं लागलं त्यामुळे? हृदयाच्या मुलांचं बघा. जन्मजात मोठा दोष असलेल्या काही बाळांचा शस्त्रक्रियेच्या आधीच एमआरआय काढला, तर तेव्हाच मेंदूची वाढ मागे दिसते. मग वर ऑपरेशनपुरतं हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं बायपास यंत्र, आयसीयू. त्यातून भुलीचा वाटा वेगळा कसा काढणार? प्रामाणिक माणूस इथे "नक्की नाही" म्हणेल, मीही तेच म्हणतो.

लहान मुलाला भूल देताना मला भीती कशाची वाटते ते खरं सांगू? पेशींची नाही. श्वासनलिकेची. सर्दी झालेलं पोर, घशातल्या पडद्या एकदम आवळल्या जातात आणि ऑक्सिजनचा आकडा डोळ्यांदेखत घसरायला लागतो. अंग गार पडणं, दाब उतरणं, साखर कमी होणं. मेंदूला खरा धोका यातून असतो, आणि तो टाळणं माणसाच्या हातात आहे. म्हणून औषधाचं नाव विचारण्यापेक्षा विचारा: भूल देणारे नियमितपणे एवढ्या लहान मुलांना देतात का? श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आहे का? अंग गरम ठेवायची काय सोय आहे? रात्री काही झालं तर कोण बघतं?

इंदूरकर
गुरुवार, सकाळी ९:३३

सासूबाईंच्या 'थांबू या'वरून आठवलं. एक काळ असा होता की तान्ह्या बाळांना भूल नीट द्यायचेच नाहीत, आणि तो काळ फार जुना नाही, १९८० च्या दशकापर्यंतचा. बाळाला दुखत नाही, मज्जासंस्था कच्ची आहे, औषध झेपणार नाही, अशी समजूत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची छाती उघडताना स्नायू लुळे करणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड, बस्स. हलता येत नाही, रडता येत नाही.

ते बदलण्यात मोठा वाटा कंवलजीत आनंद यांचा. शिक्षण आमच्या इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजात, मग ऑक्सफर्ड. त्यांच्या लक्षात आलं की ऑपरेशनहून परत येणारी बाळं भलतीच खालावलेली असतात. मग त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तुलना केली, एका गटाला नेहमीचीच भूल, दुसऱ्याला त्यावर फेंटॅनिल हे जोरदार वेदनाशामक. फेंटॅनिलशिवायच्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं उसळलेली होती आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही जास्त. हे १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. म्हणजे भुलीचा हिशेब मांडताना न दिलेल्या भुलीचाही मांडायला हवा.

जाईजुई
गुरुवार, दुपारी २:०५

मी त्या "नक्की नाही"वाल्या रांगेत उभी आहे, म्हणून लिहिते. लेकीचा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले होते. ओठाचं तिसऱ्या महिन्यानंतर झालं, टाळूचं वर्षाच्या आसपास. पुढे आठ-दहा वर्षांची झाली की हिरडीत हाड भरायचं आहे. म्हणजे आमच्याकडे "एकदाच, थोडा वेळ" ही सोयच नाही.

टाळू लांबवता येत नाही. मूल बोलायला शिकतं त्या सुमाराला टाळू शाबूत नसेल तर बोलणं नाकातून येतं आणि चुकीच्या उच्चारांची सवय लागते, मग ती मोडायला वर्षं जातात. कानात पाणी साठून ऐकू कमी येतं ते वेगळंच. बोलणं आणि ऐकणं हीसुद्धा मेंदूचीच वाढ आहे ना? भुलीला घाबरून ती दोन्ही लांबवायची का, असं स्वतःला विचारलं आणि प्रश्न सुटला.

एक मात्र केलं. आमच्या सर्जनना विचारलं की कानात नळ्या घालायच्याच आहेत तर टाळूच्या वेळीच घालता येतील का. ते म्हणाले, येतील की, कानवाल्यांना त्याच वेळी बोलावतो. एक भूल वाचली. न विचारता हे झालं असतं की नाही, देव जाणे. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या दोन वेगवेगळ्या तारखा ठरल्या होत्या.

पहिल्या ऑपरेशननंतरचा अर्धा तास कुणी सांगितला नव्हता म्हणून सांगते. शुद्धीवर येताना लेक डोळे उघडे ठेवून किंचाळत होती, मला ओळखत नव्हती, अंगावर घेतलं तर कमान करून मागे पडत होती. मला वाटलं झालं, मेंदूला लागलं. नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, वायू उतरतोय, थोड्या वेळात प्यायला घेईल." आणि घेतलंन. पुढे काही रात्री दचकून उठायची, मग थांबलं.

गुंगीवाला
गुरुवार, रात्री १०:१२

जाईजुई, तुमचा प्रतिसाद मी माझ्या रुग्णांच्या आईबापांना वाचायला देणार आहे, परवानगी असावी. सेव्होफ्लुरेननंतर बऱ्याच मुलांचं असं होतं. झोपेत दचकणं, चिकटून राहणं, हेही काही दिवस दिसतं. त्याचा दीर्घकालीन परिणामाशी संबंध नाही.

एकत्र करण्याबद्दल अगदी बरोबर. अनेक ऑपरेशनं लागणार असतील तर आईबापांनी दोन प्रश्न धरून बसावं: यातलं काय थांबू शकतं, आणि काय एकाच भुलीत उरकता येतं? बेंबीचा हर्निया बहुतेकदा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो, थांबा. साधा हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती साठलेलं पाणी, बहुतेकदा वर्षा-दीड वर्षात जिरतो, थांबा. जांघेतला हर्निया थांबवू नका, आतडं अडकलं तर मध्यरात्री, पोट भरलेल्या बाळाला घाईत भूल द्यावी लागते, आणि ती खरी जोखमीची. चहाबाज, हे भावाला कळवा. जन्मजात मोतीबिंदू तर आठवड्यांच्या हिशेबाने काढतात, कारण उजेड गेला नाही तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही.

शेवंती
शुक्रवार, दुपारी १:१८

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना इंदूरकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. "म्हणजे पोरं जागी कापायचे?" एवढंच म्हणाल्या आणि देवघरात गेल्या. संध्याकाळी स्वतःच विचारलं, तारीख कधीची.

भूलतज्ज्ञांना भेटलो. झोपल्यावर माकडहाडाजवळून एक इंजेक्शन देणार आहेत, त्याने कमरेखालचं बधिर होईल आणि वायू कमी लागेल म्हणाल्या. पाठीचा कणा वगैरे ऐकून नवरा पांढरा पडला. हे बरोबर आहे ना? आणि उपाशी ठेवायचं त्याचं काय? हा पहाटे चारला भुकेने उठतोच.

गुंगीवाला
शुक्रवार, रात्री ९:४७

अगदी बरोबर, मीही तेच करतो. त्याला कॉडल म्हणतात. जाग आल्यावरही काही तास दुखत नाही, हा त्याचा खरा फायदा. नवऱ्याला सांगा, मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपतो.

उपाशीपणाचं साधारण असं: अंगावरचं दूध चार तास आधीपर्यंत, वरचं किंवा पावडरचं दूध आणि खिमटी-पेज सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तुमच्या रुग्णालयाची वेळ वेगळी असेल तर तीच पाळा. सकाळी आठची वेळ असेल तर चारचं अंगावरचं पाजणं नेमकं बसतं, बाळाने तुमची सोयच केली आहे. बाळगुटी त्या सकाळी नको. पोटात काय गेलं ते खरं सांगायचं, आजीने चमचाभर काही दिलं असेल तरी.

आदल्या रात्री काळा दोरा, करगोटा, वाळे, मनगट्या काढून ठेवा. सकाळी तेल लावू नका, चिकटपट्ट्या धरत नाहीत आणि हातातून बाळ निसटतं ते वेगळं. काजळ-तीट नको. नाक वाहत असेल, खोकला-ताप असेल तर आदल्या दिवशीच फोन करा. दोन-चार आठवडे पुढे ढकललं म्हणून काही बिघडत नाही.

रिकामटेकडा
शनिवार, सकाळी ११:२६

धाग्याला थोडं वेगळं वळण. ऑपरेशन नाही, एमआरआयसाठीच्या गुंगीचं काय? पुतण्याला एका सेंटरमध्ये तपासणीआधी सिरप पाजलं. झोपला नाही म्हणून पुन्हा पाजलं. बघायला भूलतज्ज्ञ कुणी नव्हतं, टेक्निशियनच. संध्याकाळी घरी आणला तरी मान टाकत होता. एवढं फक्त गुंगीचं सिरप आहे, भूल नाही, असं सांगण्यात आलं.

सरासरी
शनिवार, दुपारी १२:०२

"भूल नाही" म्हटलं की सगळं माफ, असं दिसतं.

गुंगीवाला
शनिवार, दुपारी ४:३५

हे मला मूळ धाग्याच्या विषयापेक्षाही जास्त काळजीचं वाटतं. अमेरिकेच्या इशाऱ्यातही भूल आणि गुंगी दोन्ही आहेत. मूल कुठल्या खोलीत झोपलंय आणि कागदावर काय लिहिलंय, हे शरीराला कळत नाही. सिरपची मात्रा दुसऱ्यांदा दिली की ती नेमकी कधी चढेल याचा भरवसा नसतो. घरी जाताना गाडीत, मान पुढे पडलेली असताना चढली तर श्वास अडतो. ऑक्सिजन मोजणारा प्रोब बोटाला लावून, श्वास सांभाळता येणारं माणूस शेजारी उभं असल्याशिवाय देऊ नये. मूल नीट जागं होऊन प्यायल्याशिवाय घरी पाठवू नये.

तीन महिन्यांखालच्या बाळांना तर बऱ्याचदा औषध लागतच नाही. पोटभर पाजायचं, कानात बोळे घालायचे, घट्ट गुंडाळायचं, झोपलं की आत. त्याहून मोठ्यांसाठी आधी विचारा की एमआरआय आत्ताच हवा आहे का, आणि सोनोग्राफीने भागेल का. डोक्यावरची मऊ टाळू भरली नसेल तर डोक्याची सोनोग्राफी होते, त्याला गुंगी लागत नाही.

रिकामटेकडा, पुतण्या आता कसा आहे? वय आणि वजन व्यनि (खासगी निरोप) करा, आणि सिरपच्या बाटलीचा फोटो असेल तर तोही.